फायरमनचा सूट अंगाला उष्णतेपासून कसा वाचवतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या लोकांकडून येत राहतात. फायरमनचा कोर्स करणारी मुलंमुली, एमआयडीसीतल्या कंपन्यांमधले सेफ्टीवाले, आणि जवानांच्या घरची माणसं, आणि घरच्यांचे प्रश्न सगळ्यात थेट असतात. तेच तेच प्रश्न एकत्र करून इथे ठेवलेत. इथे 'सूट' म्हणजे इमारतीच्या आगीत वापरतात तो कोट-पँटचा टर्नआउट सूट, बाकीचे प्रकार प्रश्न १० आणि ११ मध्ये आहेत.

१. सूट घातला की माणूस ज्वाळांमधून चालत जाऊ शकतो का?

नाही. सूट उष्णता थांबवत नाही, ती अंगापर्यंत पोचायला उशीर लावतो. मिळालेला तो वेळ हेच त्याचं सगळं काम, आणि पुढची जवळपास सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

जवान आत शिरतात ते धुराने भरलेल्या खोलीत, खाली वाकून किंवा रांगत, हातात पाण्याची लाइन घेऊन. छताजवळ शेकडो डिग्रीचा वायू असतो, जमिनीजवळ त्यापेक्षा खूप कमी, म्हणून तर रांगायचं. पण छताखालचा थर साधारण ६०० डिग्रीला गेला आणि जमिनीवर दर चौरस मीटरला २० किलोवॅटच्या आसपास उष्णता पडायला लागली की खोलीतलं सगळं सामान जवळपास एकदम पेटतं, त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात. भर दुपारचं कडक ऊन साधारण १ किलोवॅट असतं, त्यावरून अंदाज करा. फ्लॅशओव्हर झालेल्या खोलीत चांगला सूट घातलेल्या माणसाकडेसुद्धा काही सेकंदच असतात.

२. सूटच्या आत नक्की काय असतं? बाहेरून तर साधा जाड कोट वाटतो.

तीन थर असतात. कोटाची आतली चेन उघडून अस्तर बाहेर ओढलं की तिन्ही हाताने वेगळे धरता येतात, कोर्सच्या मुलांनी एकदा तरी हे करून बघाच.

बाहेरचा थर म्हणजे आऊटर शेल. बारीक चौकटीच्या विणीचं कडक कापड, त्या चौकटींमुळे खिळ्यात अडकून फाटलं तरी चीर पुढे पळत नाही. ज्वाळा, घासणं, फाटणं हे याने सोसायचं. मधला थर म्हणजे मॉइश्चर बॅरियर, कापडावर चिकटवलेली पातळ फिल्म. बाहेरचं पाणी ती आत येऊ देत नाही पण घामाची वाफ बाहेर जाऊ देते. सगळ्यात आत थर्मल लायनर, म्हणजे न विणलेल्या तंतूंची मऊ भरती आणि तिला अंगाच्या बाजूने शिवलेलं गुळगुळीत कापड.

उष्णता अडवण्याचं बहुतांश काम आतले दोन थर करतात, त्यातही लायनर, आणि लायनरमध्येही खरं काम तंतूंमध्ये अडकून राहिलेली हवा करते. स्थिर हवा उष्णता फार हळू पुढे सरकवते. म्हणून सूट जरा ढगळ असतो, अंगाला चापूनचोपून बसणारा सूट घेतला तर हवाच उरत नाही. आणि म्हणूनच 'फार गरम होतं' म्हणून लायनर काढून नुसता वरचा कोट घालून आत जाणं म्हणजे संरक्षण बाहेर ठेवून जाणं.

३. हे कापड जळत कसं नाही?

बाहेरच्या थरात बहुतेक वेळा अरॅमिड तंतू असतात, नॉमेक्स आणि केवलार ही नावं ऐकली असतील, महागड्या सूटमध्ये पीबीआय पण मिसळतात. एखादा तंतू पेटता राहायला हवेत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो ते मोजतात. कापसाला साधारण १८, नॉमेक्सला २८-२९, पीबीआयला ४१. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. म्हणजे कापूस पेटला की जळत राहतो, नॉमेक्स ज्योत बाजूला केली की विझतं. दुसरं म्हणजे हे तंतू वितळत नाहीत. नायलॉन, पॉलिस्टर २६० डिग्रीच्या आसपास वितळून कातडीला चिकटतात, नॉमेक्स ३७० च्या पुढे काळं पडून कोळशासारखं होतं पण जागेवर राहतं, उलट जरा फुगून जाड होतं. नुसतं नॉमेक्स तापून तडकू शकतं म्हणून त्यात केवलार मिसळतात, ते कापड धरून ठेवतं.

पण कापड जळलं नाही म्हणजे आतला माणूस भाजला नाही असं अजिबात नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक कायम त्या एक समजतात.

४. मग नेमका किती वेळ मिळतो? काहीतरी आकडा सांगा.

लॅबमधला आकडा आहे. अमेरिकेच्या एनएफपीए १९७१ या स्टँडर्डमध्ये तिन्ही थरांवर एकत्र दर चौरस मीटरला ८४ किलोवॅटची उष्णता सोडतात, निम्मी ज्वाळेची आणि निम्मी किरणांची, आणि आतल्या बाजूला दुसऱ्या डिग्रीचं भाजणं व्हायला किती वेळ लागेल ते काढतात. त्या मार्काला टीपीपी म्हणतात, किमान ३५ लागतो. त्याला दोनने भागलं की सेकंद मिळतात, म्हणजे साडेसतरा. युरोपच्या ईएन ४६९ मध्ये वरच्या लेव्हलच्या सूटला ज्वाळेच्या टेस्टमध्ये आतलं तापमान २४ डिग्री वाढायला किमान १३ सेकंद लागले पाहिजेत आणि ४० किलोवॅटच्या किरणांच्या टेस्टमध्ये किमान १८.

हे सेकंद काम करायला नाहीत, बाहेर पडायला आहेत. शिवाय टेस्ट स्वच्छ आणि कोरड्या कापडावर होते. घामाने भिजलेला, गुडघ्याखाली दाबलेला, दहा आगी बघितलेला सूट तितकाच वेळ देईल असं धरून चालू नका (प्रश्न ६ आणि ७ बघा).

५. कातडी किती डिग्रीला भाजते?

लोकांना वाटतं त्यापेक्षा फार लवकर. कातडीचं नेहमीचं तापमान ३२-३३ असतं. ४४ च्या आसपास दुखायला लागतं आणि इजा सुरू होते, ५५ ला दुसऱ्या डिग्रीचं भाजणं म्हणजे फोड, ७२ ला कातडी तिथल्या तिथे मरते. बाहेर शेकडो डिग्री असताना सूटने आतली कातडी ४४ च्या खाली ठेवायची आहे. हातात फक्त दहा-बारा डिग्रीची मोकळीक आहे.

६. आमचे हे आगीतून नीट बाहेर आले आणि बाहेर आल्यावर खांदा भाजला, असं कसं होऊ शकतं?

हा प्रश्न घरच्यांकडून येतो, आणि खूपदा येतो. वहिनी, ताई, यात तुमच्या माणसाने निष्काळजीपणा केला असं धरू नका.

आत असताना सूटचे थर उष्णता पीत असतात. बाहेर आल्यावर ती उष्णता लगेच नाहीशी होत नाही, कापडातच साठलेली असते, दोन्हीकडे सुटत राहते, थोडी बाहेर आणि थोडी अंगाकडे. त्यातच माणूस दमून गुडघा टेकतो, भिंतीला पाठ टेकतो, कोपर दुमडतो. दुमडलं की बाही कोपराच्या आतल्या बाजूला आवळते, लायनरमधली हवा पिळून निघते आणि तापलेला बाहेरचा थर जवळजवळ थेट कातडीवर येतो. खांद्यावर तर बीए सेटचे (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा आणि मास्कचा श्वास घ्यायचा सेट) पट्टे सिलिंडरचं सगळं वजन घेऊन आधीच दाबून बसलेले असतात. म्हणून खांदे, गुडघे, कोपरं आणि पाठीचा वरचा भाग इथे अशा जखमा जास्त दिसतात. चांगल्या सूटमध्ये खांद्याला आणि गुडघ्याला जास्तीचे थर असतात आणि तिथल्या कापडाची दाबून, तापवून वेगळी टेस्ट घेतात.

जवानांसाठी: आत असताना चटका जाणवला तेव्हाच उशीर झालेला असतो, कारण बाहेरच्या थरातली आणखी उष्णता अजून वाटेत असते. 'अजून सहन होतंय' म्हणून थांबू नका. गरम झालेल्या जागी कोट वरून दाबू नका, चोळू नका. बाहेर आलात की सेट उतरवा, कोट उघडा, कापड अंगापासून सुटं करा.

७. आत जाण्याआधी सूटवर पाणी मारून घेतलं तर जास्त थंड राहील ना?

सल्ला म्हणून हे फार पसरलंय आणि धोक्याचं आहे. ओल्या फडक्याने तापलेला तवा धरून बघितला असेल तर कारण माहीतच आहे, कोरड्या फडक्यापेक्षा चटका लवकर बसतो. पाणी उष्णता स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने पुढे नेतं. लायनरमधल्या हवेच्या जागी पाणी बसलं की प्रश्न २ मध्ये सांगितलेलं सगळं गणित बिघडतं, आणि त्या पाण्याची वाफ झाली तर ती थेट कातडीवर येऊन पाणी होते आणि सोबत आणलेली सगळी उष्णता तिथे सोडते.

आता अपवाद, कारण कोर्सची मुलं इथे बरोबर अडवतात. बाहेरच्या थरावरचं पाणी खूप जोराच्या उष्णतेत थोडा वेळ मदतही करतं, कारण वाफ होताना ते उष्णता खातं आणि वाफ बाहेरच्या बाजूला जाते. खरं घातक पाणी आतलं, म्हणजे घाम, आणि मानेतून, मनगटातून शिरलेलं पाणी. मध्यम उष्णतेत बराच वेळ राहिलं की या आतल्या ओलाव्यानेच भाजतं. कापडाला काहीही झालेलं नसतं आणि आत फोड असतात. म्हणून पहिल्या आगीत भिजलेला लायनर तसाच घालून दुसऱ्या वर्दीला (आगीच्या कॉलला) जायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, जादा लायनर किंवा दुसरा सूट मागा. ही मागणी चैनीची नाही.

८. मग सूट अजून जाड का नाही करत?

कारण उष्णता फक्त बाहेरून येत नाही. होज ओढत जिना चढणारा माणूस स्वतःच शेकडो वॅट उष्णता तयार करत असतो, आणि अंगावर बीए सेट, हेल्मेट, बूट धरून वीस किलोच्या वर वजन. ही उष्णता बाहेर जायचा मुख्य रस्ता म्हणजे घाम वाळणं, आणि सूट नेमका तोच रस्ता अडवतो. जाड केला की बाहेरची उष्णता उशिरा येते पण आतली अडकते. अमेरिकेत ड्युटीवर मरण पावणाऱ्या फायरफायटरांमध्ये भाजून जाणाऱ्यांपेक्षा हृदय बंद पडून जाणारे जास्त असतात, अनेक वर्षं हेच चित्र आहे. त्यामागे आधीचे आजार असतात, अचानक पडलेला ताण असतो, पण वाढलेलं अंगाचं तापमान आणि कमी झालेलं पाणी त्यात भर घालतं.

म्हणून एनएफपीएमध्ये टीपीपीच्या जोडीला टीएचएल नावाचा दुसरा मार्क आहे, सूट आतून बाहेर किती उष्णता जाऊ देतो त्याचा. किमान दर चौरस मीटरला २०५ वॅट. एक मार्क वाढवला की दुसरा बहुतेक वेळा घसरतो, सूट बनवणाऱ्यांची सगळी कसरत या दोघांच्या मध्ये चालते.

आपल्याकडचा मुद्दा असा की टीएचएलची टेस्ट २५ डिग्री आणि ६५ टक्के आर्द्रतेला होते. मे महिन्यातली मुंबई किंवा रत्नागिरी तशी नसते, हवाच दमट म्हणून वाफ बाहेर जायला मागत नाही, सूट कितीही श्वास घेणारा असो. नागपूर-चंद्रपूरला हवा कोरडी असते, घाम वाळतो, पण ४५ डिग्रीची हवा कातडीहून गरम म्हणून अंग उलट तापतं. कागदावर पास झालेला सूट इथे तितका आराम देणार नाही, त्यामुळे आपल्याकडे माणसं लवकर बदलणं हाच खरा उपाय आहे असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी माणसं जास्त लागतात, आणि भरती करताना हे कारण कोणी लिहीत नाही याचं मनापासून वाईट वाटतं.

९. बाहेर आल्यावर अंग पटकन थंड कसं करायचं?

कोट आणि हूड (हेल्मेटखालची डोकं, कान, मान झाकणारी टोपी) काढा, पँट खाली सोडा, सावलीत बसा, पाणी प्या. आणि दोन्ही हात कोपरापर्यंत थंड पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. हाताला रक्तपुरवठा भरपूर असतो, थंड झालेलं रक्त परत आत जातं. दमट हवेत पंख्यापेक्षा याचा भरवसा जास्त, आणि बादली कुठेही मिळते. कोट अंगावर ठेवून नुसतं बसलं तर शरीराचं तापमान बाहेर आल्यावरसुद्धा काही वेळ वाढत राहतं. कोणी असंबद्ध बोलायला लागलं, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर बादली वगैरे बघत बसू नका, थेट हॉस्पिटल.

१०. चांदीसारखा चमकणारा सूट यापेक्षा भारी असतो ना? ऑनलाइन स्वस्तात दिसतो, कंपनीसाठी घ्यावा का?

भारी नाही, वेगळा. तो अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला प्रॉक्सिमिटी सूट, किरणांनी येणारी उष्णता नव्वद टक्क्यांच्या आसपास परत फेकतो. विमानतळावर, तेलाच्या टाक्यांजवळ, भट्टीजवळ जिथे लांबूनच भाजून काढणारी आग असते तिथे त्याची गरज. पण ज्वाळा अंगाला लागल्या, काजळी बसली, घडीवर थर तडकला की तो गुण कमी होतो. नुसत्या चमकदार कापडाचा, आत लायनर नसलेला सूट भट्टीसमोर उभं राहायला ठीक, आगीत शिरायला नाही. आणि लेबलवर स्टँडर्डचा नंबर नसेल तर घेऊच नका (प्रश्न १४).

११. डोंगरावरचा वणवा विझवायला हाच सूट चालेल का?

नको. सह्याद्रीत वणव्याच्या मागे चढउतार करत तासन् तास काम असतं, तिथे तीन थरांचा सूट माणसाला आतूनच आडवा करेल. वणव्यासाठी एकाच थराचा, हलका, न पेटणाऱ्या कापडाचा शर्ट-पँट असतो. उलट तो घालून इमारतीत शिरणंही तितकंच चूक.

१२. सूटमधली सगळ्यात कमजोर जागा कोणती?

मास्कची काच. ती पॉलिकार्बोनेटची असते आणि १५० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागते, कोटाच्या कितीतरी आधी. अमेरिकेत काचा वितळून, फुगून अपघात झाल्यावर २०१३ पासून मास्कच्या काचेला किरणांची वेगळी टेस्ट लावली. काचेवर बारीक तडे किंवा बुडबुडे दिसले की तिथून निघा.

त्यानंतर जोड: मनगट, मान, कोट-पँटची कंबर. हात वर केल्यावर किंवा रांगताना कोट आणि पँट किमान पाच सेंटिमीटर एकमेकांवर राहिले पाहिजेत, हे उभं राहून नाही, वाकून तपासा. आणि हूड. 'कानाला चटका लागला की कळतं किती आत आलोय' असं म्हणून हूड न घालणारे जुने लोक आहेत, त्यांच्या अनुभवाचा मान ठेवूनही सांगतो, कान हा थर्मामीटर नाही. चटका कळेपर्यंत उशीर होतो, कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

१३. मुलींसाठी वेगळा सूट असतो का?

असतो आणि मागायला हवा. नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजात हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये पहिली मुलगी म्हणून दाखल झाल्या, त्यानंतर मुंबईसह अनेक ठिकाणी मुली भरती झाल्या, पण पुरुषांच्या मापाचा लहान साइज देऊन काम भागवणं बऱ्याच ठिकाणी चालतं. खांद्याला ढगळ, कमरेला घट्ट, बाही लांब आणि बोटांच्या टोकाला रिकामे ग्लोव्हज. जिथे घट्ट तिथे हवा नाही, जिथे फार ढगळ तिथून गरम वायू आत. माप हा संरक्षणाचाच भाग आहे.

१४. सूट घेताना काय बघायचं? आणि आत कुठले कपडे घालायचे?

लेबल बघा. भारतीय स्टँडर्ड आयएस १६८९०, युरोपियन ईएन ४६९, अमेरिकन एनएफपीए १९७१ (आता ते एनएफपीए १९७० मध्ये विलीन झालंय). ईएन ४६९ च्या लेबलवर एक्स, वाय, झेड ही अक्षरं असतात, उष्णता, पाणी आणि श्वास घेणं यासाठी, पुढे २ असेल तर वरची लेव्हल. ग्लोव्हज, हूड, बूट, हेल्मेट यांची स्टँडर्ड वेगळी, कोट पास आहे म्हणून बाकीचं पास नाही.

आत सुती किंवा अरॅमिडचे कपडे. पॉलिस्टरची जर्सी, नायलॉनची ट्रॅक पँट नको, सूट शाबूत असतानाही आत तापमान वाढून ती अंगाला चिकटू शकते.

१५. धुवायचा कसा? आमच्याकडे कडक उन्हात वाळत घालतात.

उन्हात नको! केवलार आणि पीबीआय उन्हातल्या अतिनील किरणांनी कमजोर होतात, बाहेरून कापड फक्त रंग उडाल्यासारखं दिसतं पण हाताने ओढलं तर फाटतं. सावलीत, वारा लागेल असा टांगा, लायनर वेगळा काढून. पाणी ४० डिग्रीपर्यंत, सौम्य साबण, ब्लीच कधीच नाही.

मळकट सूट म्हणजे अनुभवी जवान ही समजूत पण सोडा. काजळीत अर्धवट जळलेली तेलं असतात, ती पेटू शकतात, आणि त्यातली विषारी द्रव्यं कातडीतून आत जातात, गरम घामेजलेल्या मानेतून तर जास्तच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फायरफायटरचं काम कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. प्रत्येक आगीनंतर निदान जागेवर पाणी-ब्रशने धुऊन घ्या. अमेरिकेत तयार झाल्यापासून दहा वर्षांनी सूट बाद करतात, चांगला दिसत असला तरी.

१६. केमिकल किंवा गॅसगळतीला हाच सूट चालतो का?

नाही. मॉइश्चर बॅरियर पाणी अडवतो, पण वायू मान, मनगट, चेन सगळीकडून आत येतो. त्यासाठी पूर्ण बंद केमिकल सूट, आणि तो मात्र आगीपासून वाचवत नाही.

१७. घरात आग लागली तर ओली चादर गुंडाळून बाहेर पडावं का?

ओला कपडा दाराच्या फटीत लावायला उत्तम, धूर अडतो. अंगावर गुंडाळून ज्वाळांतून पळायचा विचार मात्र करू नका, एक तर प्रश्न ७ मधलं वाफेचं कारण, दुसरं म्हणजे घरातल्या आगीत माणसं बहुतेक वेळा धुराने जातात आणि चादर धूर अडवत नाही. रस्ता मोकळा असेल तर खाली वाकून निघा, दार मागे ओढून घ्या. नसेल तर दार बंद करून खिडकीत थांबा आणि १०१ ला मजला सांगा. सामानासाठी परत आत जाऊ नका, तीन थर घातलेल्या माणसालाही तिथे मोजकाच वेळ असतो.

१८. सूटच्या कापडातच विषारी केमिकल असतं असं वाचलं, खरं का?

मॉइश्चर बॅरियरची फिल्म अनेक सूटमध्ये पीटीएफईची असते आणि बाहेरच्या थराला पाणी न धरण्याचा लेप देतात, या दोन्ही ठिकाणी पीएफएएस गटातली, निसर्गात जवळजवळ न मोडणारी रसायनं वापरली गेलीत. अमेरिकेतल्या फायरफायटरांच्या संघटनेने २०२३ मध्ये या प्रश्नावर स्टँडर्ड बनवणाऱ्या संस्थेलाच कोर्टात खेचलं, आणि आता पीएफएएस नसलेले सूट बाजारात येतायत.

पण हे वाचून आगीत सूट घालायचा टाळू नका, तिथला धोका सेकंदांचा आहे. आग नसताना टाळा. साधं मेडिकल कॉलला, रस्त्यावर पडलेलं झाड उचलायला तीन थरांचा सूट लागत नाही. सूट घालून जेवायला बसू नका, तो झोपायच्या खोलीत टांगू नका, घरी धुवायला नेऊ नका, आणि परत येताना गाडीच्या केबिनमध्ये न ठेवता पिशवीत बांधून मागे टाका.